प्रकरण सतरावे : भय्यासाहेबांचे हजार दिवे

खोकी उघडली मेघनाने, पण त्यांतला सगळा चमचमाट येऊन पडला तो वसुधाच्या तोंडावर.

पाच मोठी खोकी होती. बड़ा फुहारा बाजारातल्या दुकानातून ई-रिक्षात बसून माणसांसारखी आली होती. एकेकात दोनशे द्रोण, सगळे चंदेरी, कडेला लाल झालर, बुडाशी थर्माकोलची चकती आणि मधोमध चिकटवलेला मेणाचा दिवा.

"काडी लावायची अन् सोडून द्यायचा," मेघना एक द्रोण तळहातावर नाचवत म्हणाली. "वात नको, तेल नको. दुकानदार म्हणे, दीदी, बुडला तर माझं नाव बदला."

"हा बुडतच नाही आत्या, तोच तर प्रॉब्लेम आहे," दारातून अवंतिका म्हणाली.

वसुधाची ही तेरा वर्षांची लेक आणि मेघनाचा दहा वर्षांचा गौरांग, दोघं नुकतीच ग्वारीघाटावरून येऊन उंबऱ्याशी उभी होती. हातात लांब काठ्यांच्या जाळ्या, पोटऱ्यांपर्यंत गाळ. हिवाळ्याच्या सुट्ट्या लागल्यापासून वसुधा रोज सकाळी दोघांना घाटावर नेत होती. सुरुवात काही थोर नव्हती. मुलांच्या हातातून मोबाईल सुटावा एवढाच तिचा हेतू होता, त्यासाठी तिने त्यांच्या हातात जाळी दिली. पहिल्या दिवशी दोघांनी नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी गौरांगने पाण्यातून निघालेल्या द्रोणांची मोजदाद सुरू केली, आणि आठव्या दिवशी, म्हणजे काल, घाटावरच्या फुलवाल्यांसमोर उभं राहून दोघांनी सांगून टाकलं की हे चंदेरी द्रोण विकू नका, पानाचे विका.

फुलवाले हसले. बेबीदीदी नावाची एक फुलवाली तेवढी हसली नव्हती. "काए बिटिया," ती म्हणाली होती, "पहले अपने घर का तो बंद कराओ, फिर हमें सिखाना." त्यावर अवंतिकाने छातीवर हात ठेवून वचन दिलं होतं. आमच्या आजोबांचे हजार दिवे आहेत शनिवारी. एकही असा नसेल.

"मैंने प्रॉमिस किया है, आत्या," आता ती म्हणाली. "म्हणजे आम्ही दोघांनी."

मेघनाने आपल्या मुलाकडे पाहिलं. गौरांग जाळीच्या काठीमागे लपायचा प्रयत्न करत होता; काठी बारीक होती.

"तू पण?"

"मम्मी, काल एकाच जागी चारशे बारा निघाले."

"अच्छा. म्हणजे नागपूरहून मी तुला इथे आणला तो आपल्याच घरचा कार्यक्रम बिघडवायला." मेघनाने द्रोण खोक्यात परत ठेवला. "हे बघा, कचरा काढायचं काम चांगलंच आहे, करा. मी काहून नाही म्हणू? पण हे घरचं कार्य आहे. दोन्ही एकात घालू नका."

कार्य होतं वसुधाच्या सासऱ्यांच्या, भय्यासाहेबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. ऐंशी पुरी करून माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याला हजार दिव्यांनी ओवाळायचं, ही रीत खिरवडकरांनी जबलपुरात आल्यावरही सोडली नव्हती. पण नर्मदेच्या काठी तीन पिढ्या काढल्यावर ओवाळलेले दिवे नर्मदेत सोडायचे, ही भर त्यात पडली होती. शनिवारी पौष पौर्णिमा. पौषात कुठे कार्य करतात का, असं शेजारच्या दुबे अम्मांनी विचारलं, तेव्हा मेघनानेच उत्तर दिलं होतं की अम्मा, आजकाल ज्या महिन्यात सगळ्यांना सुट्टी मिळते तोच महिना शुभ.

"दादा, तू बोल," मेघना आता भावाकडे, वसुधाच्या नवऱ्याकडे वळली.

चंद्रशेखर रेल्वेच्या मुख्यालयात तीस वर्षं फायली पुढे सरकवत आला होता. "माझं काय," तो म्हणाला. "तुम्ही दोघी मिळून ठरवा. मी सही करतो."

"भय्यासाहेब?"

भय्यासाहेब खिडकीशी पेपर वाचत होते. कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं होतं, म्हणजे त्यांना काही ऐकायचं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली होती. खिशात कायम खडू. माल पास असला तर गोल, नसला तर फुली. रिटायर झाल्यावर ते दुधी भोपळा, पावणे-रावळे आणि स्थळं तपासू लागले. वसुधाला बघायला आले तेव्हा दोन प्रश्न विचारून "ठीक आहे" म्हणाले होते. बावीस वर्षांत तिला मिळालेलं ते एकमेव सर्टिफिकेट.

आता सगळे वसुधाकडे बघत होते.

"बघू," ती म्हणाली.

अवंतिकाने चप्पल काढली, जाळी कोपऱ्यात उभी केली आणि आत जाता जाता हळूच विचारलं, "आई, तुझं 'बघू' म्हणजे नाहीच असतं ना? फक्त कोणाला नाही, ते ठरायचं राहिलेलं असतं."

वसुधाला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण मुलगी खरं बोलली होती. बावीस वर्षं या घरात तिने 'बघू'वर संसार केला होता. सासूबाईंच्या सोवळ्याला बघू, नणंदेच्या हट्टाला बघू, नवऱ्याच्या बदलीला बघू. शेवटी जे व्हायचं ते तिच्या न बघताच होऊन जाई.

*

शुक्रवारी सकाळी घाटावर धुकं इतकं होतं की पलीकडचा गुरुद्वारा दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज येत होता. नावाडी बर्मन भैया नावेतलं पाणी डब्याने उपसत होता. बेबीदीदीच्या पाटाशेजारी दोन पोती उभी होती.

"ये का है दीदी?" वसुधाने विचारलं.

बेबीदीदीने पोत्याचं तोंड सोडलं. आत पळसाच्या पानांचे द्रोण, काड्यांनी टाचलेले, एकात एक बसवलेले. "पाटन तरफ हमारी ननद रहती है. उसी ने, और उसकी देवरानी ने, रात-दिन बैठ के बनाए. तुम्हारी बिटिया बोल गई न. तो हमने ये चमकीले पन्नी वाले इस बार उठाए ही नहीं."

"एकही नहीं?"

"एकऊ नहीं. कल पूनो के चाँद का धंधा है, दोनों रखते तो लोग पन्नी ही उठाते."

शेजारच्या पाटावरचा फुलवाला आपले चंदेरी द्रोण रचत मोठ्याने म्हणाला, "भौजी, बच्चों के कहे में आ गईं. कल देखना, उन्हीं के घर से पेटी भर के पन्नी आएगी."

अवंतिकाची मान खाली गेली. गौरांग मामीच्या शालीचं टोक धरून उभा राहिला. खोकी घरी आलेली आहेत हे त्या दोघांना ठाऊक होतं. फुलवाल्याने नुसता अंदाजाने दगड मारला होता आणि तो नेमका लागला.

बेबीदीदीने वसुधाकडे फक्त पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, संशयही नव्हता; पोती घेऊन बसलेल्या बाईने दुसऱ्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. वसुधाच्या ओठांवर तिचा नेहमीचा शब्द आला. तो तिने पान थुंकावं तसा बाजूला टाकला.

"नहीं आएगी," ती म्हणाली.

परतताना मुलं ऑटोत वसुधाच्या दोन बाजूंना बसली. मदन महलाची चढण लागली तेव्हा गौरांग म्हणाला, "मामी, मग दिवे कशाचे?"

"कणकेचे. मासे खातात."

"हजार?"

"आपल्याला सहा हात आहेत. मामाचे धरून आठ."

"मामा करेल?"

"मामा सही करतो म्हणाला ना. अंगठा पण चालेल. दिव्याला खळगा पाडायला अंगठाच लागतो."

*

मेघना स्वयंपाकघरात चहा गाळत होती. वसुधाने पिशवी ओट्यावर ठेवली आणि एका दमात सांगितलं, कारण दुसरा दम घेतला असता तर वाक्य बदललं असतं.

"मेघनाताई, ते द्रोण परत द्यायचे."

मेघनाचा हात थांबला नाही. "दुकानदार परत घेत नाही."

"मग माळ्यावर टाकू. पाण्यात नाही टाकायचे."

"तुझ्या पोरीने एका फुलवालीला काहीतरी सांगितलं म्हणून?"

"सांगितलं नाही, शब्द दिला. त्या बाईने त्यावर दोन पोती आणून ठेवली."

"वहिनी," मेघनाने कप ठेवला. "माईच्या वेळी मी येऊ नाही शकले. आठवतं ना? तो एप्रिल. गाड्या बंद, नागपूरला मी स्वतः पडलेली. तू व्हिडिओ कॉलवर मला अस्थी दाखवल्या. घाटावर दादा अन् तू, दोघंच. एक दिवा होता तुमच्याजवळ. एकच. वाऱ्याने तो पण विझला, अन् मी तिकडून ओरडून राहिली, पुन्हा लावा, पुन्हा लावा, तर तुमचा नेट गेला." तिने पदराने ओटा पुसला, जो स्वच्छच होता. "तेव्हाच ठरवलं मी. भय्यासाहेबांच्या वेळी हजार. एकही कमी नाही. अन् एकही विझायला नको, म्हणून मेणाचे घेतले."

वसुधाला सासूबाईंच्या अस्थींचा तो दिवस तपशिलाने आठवत होता. दिवा विझल्यावर आपण चंद्रशेखरकडे काडेपेटी मागितली आणि ती घरीच राहिली होती, हे तिने मेघनाला कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

"हजारच करू," ती म्हणाली. "कणकेचे."

"एका दिवसात?"

"एका दिवसात."

मेघनाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या नजरेत त्या क्षणी भय्यासाहेब उतरले होते. फक्त खडू नव्हता. "ठीक आहे. उद्या चार वाजता मोजायचे. हजार भरले तर तुमचे. नाही भरले तर माझे. मग रडारड नको, कोणाचीच."

"ठरलं," वसुधा म्हणाली, आणि म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की पंधरा किलो कणीक मळावी लागणार.

*

दुपारपर्यंत बैठकीतली सतरंजी उचलली गेली आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली गेली. चंद्रशेखरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "दिवे बनवायचे आहेत असं लिहिलं का अर्जात?" असं अवंतिकाने विचारल्यावर "घरगुती निकड" असं तो गंभीरपणे म्हणाला. मेघना सोफ्यावर बसून पाहत होती. ती मदत करणार नव्हती, पण उठूनही जात नव्हती.

दुबे अम्मा मोठं पातेलं द्यायला आल्या आणि परातीत डोकावल्या. "गुड़ काहे डाल रही हो बहू? दिया है कि लड्डू? कच्चा आटा लो, थोड़ी हल्दी, बस हो गया. धूप में रख दो."

"अम्मा, हमारे यहाँ आटे का दिया मीठा ही बनता है," वसुधा म्हणाली. "और भाप में पकाते हैं. फीका दिया हमारे में अच्छा नहीं मानते."

"मछली को कौन बताएगा कि तुम मराठी हो?" अम्मा म्हणाल्या, आणि पातेलं ठेवून गेल्या.

तरी गूळ पडलाच. आषाढी अमावास्येचे दिवे गोडाचे, तर सहस्रचंद्राचे फिके कसे? माई असत्या तर त्यांनी वर वेलचीही घातली असती. वसुधाने घातली.

संध्याकाळी सहाशेवर गेले. वाफ इतकी झाली की भय्यासाहेबांचा चष्मा धुरकटला. ते मधूनच आले, एक दिवा उचलला, उलटा केला, अंगठ्याने बूड दाबून पाहिलं, आणि न बोलता ठेवून गेले. गौरांगने दबक्या आवाजात विचारलं, "पास?" चंद्रशेखर म्हणाला, "फुली मारली नाही ना. या घरात त्यालाच पास म्हणतात."

शनिवारी अकराला मेघना सोफ्यावरून उतरली. "तुम्हाला काठ एकसारखा जमतच नाही," असं पुटपुटत तिने एक गोळा घेतला. दिवे गच्चीवर, माईंच्या जुन्या जांभळ्या लुगड्यावर, ओळीने वाळत ठेवलेले होते. कडक झाले की तूप पीत नाहीत. गौरांग दर अर्ध्या तासाने वर जाऊन मोजून येत होता. नऊशे सत्तावन्न. शेवटची एक खेप पातेल्यात वाफत होती.

"नऊशे सत्तावन्न अन् हे त्रेचाळीस," मेघना म्हणाली, आणि तिच्या आवाजात हरल्याचं दुःख असायला हवं होतं तेवढं नव्हतं.

साडेबाराला गुरुजी आले. पूजा, संकल्प, आरती असं सगळं खाली बैठकीत सुरू झालं आणि सगळं घर पाटाभोवती बसलं. गुरुजींचा आवाज चांगला मोठा होता. त्यामुळे वरचा आवाज कोणाला आला नाही. आरती संपल्यावर गौरांग सवयीने मोजायला गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला नाही, जिना उतरून खाली आला, मामीजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामी, माकडं."

मदन महलच्या टेकडीवरची सगळी पलटण आली असावी. लुगडं पाण्याच्या टाकीला गुंडाळलेलं होतं. एक म्हातारा लाल तोंडाचा अजून कठड्यावर बसून, दिव्याचा काठ आधी आणि खळगा नंतर, असा शिस्तीत खात होता. त्याने वसुधाकडे पाहिलं. वेलची त्याला आवडली असावी.

भिंतीपलीकडून दुबे अम्मांचा आवाज आला. "बहू, कच्चा और फीका होता तो सूँघ के छोड़ देते."

गच्चीवर शाबूत असा एकही दिवा नव्हता. पातेल्यातले त्रेचाळीस तेवढे उरले.

*

चार वाजता बैठकीत सगळे जमले ते ठरलं होतं म्हणून. मधोमध एका ताटात त्रेचाळीस दिवे, भिंतीशी पाच खोकी. अवंतिकाचे डोळे लाल होते, पण ती ताठ उभी होती.

"मला आनंद नाही होऊन राहिला," मेघना म्हणाली, आणि ते खरं होतं. तिच्या नखांत अजून कणीक होती. "पण ठरलं होतं, वहिनी."

"ठरलं होतं," चंद्रशेखर म्हणाला. "आता काय करता."

वसुधाने ताटाकडे पाहिलं. ठरलं होतं, हे खरंच होतं. तिने स्वतःच्या तोंडाने ठरवलं होतं. अशा वेळी बावीस वर्षं काय म्हणायचं ते तिला पाठ होतं.

"हो, मी हरले," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते मी हरल्याबद्दल करीन, मेघनाताई. महिनाभर नागपूरला येऊन तुमचा स्वयंपाक करीन. पण ही खोकी घाटावर जाणार नाहीत. पैज माझी होती, शब्द मुलांचा होता. मुलांचा शब्द पैजेवर लावायचा मला अधिकार नव्हता. ते माझं चुकलं."

"अगं, पण त्रेचाळीस? हजाराच्या जागी त्रेचाळीस?" मेघनाने ताट स्वतःकडे ओढलं. "लोक काय, मी माईला काय सांगू?"

"त्रेचाळीस म्हणून सांगू. बाकीचे माकडांनी खाल्ले म्हणून सांगू. माई हसतील."

चंद्रशेखरने उठून एक खोकं उचललं. क्षणभर वसुधाला वाटलं, झालं, हा बहिणीकडे गेला. तो खोकं घेऊन जिन्याखालच्या अडगळीत गेला, ते आत ढकललं आणि दुसरं न्यायला परत आला. "जड नाहीत," एवढंच तो म्हणाला.

तेव्हा भय्यासाहेबांनी टेबलावरून यंत्र उचलून कानात घातलं. सगळं ऐकून झाल्यावर घातलं, म्हणजे ते मुळातच काही न ऐकता बसले नव्हते.

"एक इकडे आण," ते म्हणाले.

गौरांगने चंदेरी द्रोण दिला. भय्यासाहेबांनी तो पाण्याच्या तांब्यात बोटाने बुडवला. द्रोण वर आला. पुन्हा बुडवला, पुन्हा वर आला.

"बुडत नाही?"

"नाही, आजोबा."

"मग जातो कुठे?"

"कुठेच नाही. आम्ही काढतो."

"नाही काढला तर?"

गौरांगने थोडा विचार केला. "मग तिथेच."

भय्यासाहेबांनी खिशातून खडू काढला. चंदेरी द्रोणावर खडू उमटेना. दोनदा घासला, तरी नाही. शेवटी त्यांनी तो द्रोण ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावर सावकाश, ठसठशीत फुली मारली. "यावर खूणसुद्धा धरत नाही," ते म्हणाले. "चला. थंडी व्हायच्या आत."

मेघनाने तोंड फिरवलं. पण निघताना ताट तिनेच उचललं, आणि ऑटोत ते मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी वारा अडवत बसली.

*

सूर्य मावळला तेव्हा धुकं पाण्यावर बसायला लागलं होतं, आणि त्याच वेळी समोरच्या काठावर चंद्र आला, मोठा, तांबूस. घाटावर गर्दी होती. शेजारचा फुलवाला मान लांब करून बघत होता. ऑटोतून खोकं उतरत नाही, ताट उतरतंय, हे पाहून त्याने मान आत घेतली.

बेबीदीदीने त्रेचाळीस पळसाचे द्रोण स्वतःच्या हाताने मोजून दिले. भय्यासाहेबांना पायरीवर खुर्ची दिली. मेघनाने पेटवलेल्या ताटाने त्यांना ओवाळून पहिला दिवा त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो पाण्यात सोडला आणि मागोमाग सगळ्यांनी. धरणामुळे इथे नर्मदा संथ. दिवे घाईने गेले नाहीत. दहा मिनिटांत त्रेचाळीस दिव्यांची एक वाकडी ओळ खालच्या नावांपर्यंत पोचली, आणि मग हात रिकामे झाले.

मेघना पाण्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांची हालचाल वसुधाला दिसली. ती पुन्हा मोजत होती, जणू मोजण्यात चूक असेल.

"मम्मी," गौरांग म्हणाला, "परत आणू?"

"काय?"

"दिवे. जाळी आहे ना. बर्मन भैया नाव नेतील. आम्ही पकडतो, परत आणतो. तू परत सोड." तो आजोबांकडे वळला. रोज सकाळी कचरा पकडणाऱ्या त्या हाताला यात काहीच अवघड वाटत नव्हतं. "पण तो दिवा तोच असेल. मग तो मोजायचा का?"

सगळ्यांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. चाळीस वर्षं एकच नग दोनदा मोजणाऱ्यांना त्यांनी पकडलं होतं. त्यांनी चंद्राकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा चंद्राकडे, तपासत असल्यासारखं.

"हजार चंद्र म्हणता तुम्ही," ते म्हणाले. "चंद्र एकच होता. मी हजारदा बघितला." त्यांनी खिशातला खडू काढून चंद्रशेखरच्या हातात दिला. "मोज."

मग जे झालं ते ग्वारीघाटाने आधी पाहिलं नसावं. नारिंगी जॅकेट घातलेली दोन मुलं नावेच्या टोकाशी, जाळ्या पाण्यावर आडव्या. बर्मन भैया वल्हं मारत आणि "धीरे बेटा, बुझ जाहै" असं सांगत. पकडलेले दिवे परातीत, परात पायरीवर, विझलेले पुन्हा पेटवून पुन्हा पाण्यात. द्रोण भिजून मऊ झाला की बेबीदीदी नवा द्यायची. चंद्रशेखर पायरीच्या दगडावर पाच-पाचच्या रेघा ओढत होता. दिवे सोडायला अनोळखी माणसं खाली बसली. एक बाई म्हणाली, "हमको भी पत्ते वाला देना," आणि मग आणखी चौघी. पहिलं पोतं अर्ध्यावर आलं. दुसऱ्याचं तोंड अजून बांधलेलंच होतं.

दोनशेच्या पुढे एकदा जाळीतून एक दिवा निसटला आणि प्रवाहात आत गेला. मेघना उठली, पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि कोणी हात देण्याआधी नावेत चढली. नाव डुलली. "मम्मी, बस खाली," गौरांग म्हणाला. ती बसली नाही. वाकून, एक हात काठावर आणि एक हात पाण्यात, तिने तो दिवा तळहातावर उचलून धरला. वात तिरकी झाली, विझल्यासारखी झाली, आणि राहिली.

"काडेपेटी आहे ना कोणाजवळ?" तिने नावेतूनच विचारलं.

वसुधाने ब्लाउजमधून काडेपेटी काढून दाखवली. पाच वर्षं ती घराबाहेर पडताना काडेपेटी घेऊन निघत होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं. मेघनाने काडेपेटीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिला आपोआप काहीतरी समजलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही.

भय्यासाहेबांना खोकला आला तेव्हा चंद्रशेखरने हात वर केला. मुलांची बोटं गारठून पांढरी पडली होती. दिव्यांचं पीठही आता सुटायला लागलं होतं. शेवटच्या फेरीतले कोणी परत पकडले नाहीत. माशांनी खालून टोचून त्यांना गोल गोल फिरवलं आणि एक एक करून आत घेतलं.

"किती?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"तीनशे सत्त्याऐंशी," चंद्रशेखर म्हणाला.

मेघना पायरीवर बसून पदर पिळत होती. हजार झाले नव्हते. वसुधा तिच्याजवळ जाऊन बसली. तेवढ्यात भय्यासाहेब खुर्चीवरून उठले, चंद्रशेखरच्या हातातून खडू घेतला, वाकायला जमेना म्हणून अवंतिकाचा खांदा धरला, आणि दगडावरच्या रेघांच्या शेवटी एक गोल काढला. पुरा नाही. चंद्र वाढतीला असतो तसा, एका बाजूने उघडा.

"एवढा माल पास," ते म्हणाले. "बाकीचा येऊ द्या."

बेबीदीदी पोत्याचं तोंड बांधत होती. दोरीची गाठ दातात धरून, वर न बघता तिने विचारलं, "अगली पूनो को आओगी कि जे एक दिन का मेला था?"

अवंतिकाने आईकडे पाहिलं. गौरांगने मामीकडे. मेघनाने, पदराची पिळवट हातात तशीच धरून, वहिनीकडे. वसुधाच्या जिभेवर तो जुना, दोन अक्षरी शब्द येऊन बसला होता, सवयीने.

"छह सौ तेरह बाकी हैं," ती म्हणाली.